डेंग्यूत मुलीच्या पोटात पाणी झालंय, पित्ताशय सुजलंय. डॉक्टर ते पाणी काढत का नाहीत?

लेकीचा_बाबा

मुलगी ८ वर्षांची, वजन २४ किलो. डेंग्यू, एनएस१ (डेंग्यूची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. मुलांच्या आयसीयूत आहे. तिची आई आत तिच्यापाशी, मी बाहेर बाकावर. डॉक्टर बाहेर येऊन बोलतात, टाळाटाळ अजिबात नाही, पण त्यांना बाकीची मुलंही बघायची असतात आणि माझे प्रश्न नेमके ते आत गेल्यावर सुचतात.

झालं असं. सुरुवातीला ताप १०३ पर्यंत चढायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी उतरला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच रात्री पोट दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीच्या खालपासून पार खालपर्यंत. मग उलट्या. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. आधी ती खूप चिडचिड करत होती, नंतर एकदम गप्प झाली. हात धरला तर बोटं गार. तशीच उचलून इथे आणली.

इमर्जन्सीत आधी अपेंडिक्सची शंका आली. सर्जननी येऊन पोट तपासलं, मग सोनोग्राफी केली. अपेंडिक्स नॉर्मल. पण पित्ताशयाची भिंत ७ मिमी, पोटात पाणी, छातीत उजव्या बाजूला पाणी, लिव्हर वाढलेलं. प्लेटलेट्स १,१०,००० वरून ४२,०००. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण) ३६ वरून ४५. लिव्हरच्या रक्तचाचण्या: एसजीओटी ३१०, एसजीपीटी १४०. बीपी ९८/७८, तरी डॉक्टर म्हणाले हा शॉक आहे, आणि सलाईन भराभर सुरू केलं.

आता ती बोलते, हात गरम आहेत. पण पोट टम्म दिसतंय आणि दुखतंय. मला हे कळत नाहीये: पोटात पाणी आहे तर सुईने काढून का टाकत नाहीत? पित्ताशय एवढं सुजलंय तर ऑपरेशन लागेल का? प्लेटलेट्स ४२,००० असूनही चढवत का नाहीत? आणि ती अजून नीट पीत नसताना दुपारपासून सलाईनचा वेग कमी का केलाय? कोणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा. घाबरवणारं असलं तरी चालेल.

दोघांची_आई

बाबा, धीर धरा. माझ्या धाकट्याला हेच झालं होतं, पोटात पाणी, छातीत पाणी, पित्ताशयाला सूज. आधी जिथे दाखवलं तिथे पित्ताशय काढायची भाषा सुरू झाली होती, म्हणून आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे त्याला कोणी सुई लावली नाही की चाकू. पाणी आपोआप जिरलं. पोट उतरायच्या आधी लघवी खूप वाढली होती, एवढं मला पक्कं आठवतंय.

प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि राउंडच्या वेळी तो कागदच डॉक्टरांच्या हातात द्या. ते चिडत नाहीत, उलट त्यांना सोपं जातं. आणि तुम्हीही दोन घास खाऊन घ्या.

बालरोग_डॉक्टर

तुमच्या मुलीवर उपचार तिथलेच डॉक्टर करणार. मी तिला पाहिलेलं नाही, तेव्हा माझं बोलणं त्यांच्या निर्णयावर कुरघोडी समजू नका. पण तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून ते योग्य मार्गावर दिसतात, आणि तुमचे चारही प्रश्न अगदी रास्त आहेत. मुलांच्या आयसीयूत पावसाळ्यामागून पावसाळे हेच बघत आलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे पाणी कुठलं? ते बाहेरून आलेलं नाही, तिच्याच रक्तातलं आहे. डेंग्यूत रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर काही काळ सैल पडतं आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो. तो पोटात साठतो, छातीत साठतो (बहुधा उजवीकडे आधी), पित्ताशयाच्या आणि आतड्याच्या भिंतीत मुरतो. वाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट ३६ वरून ४५, म्हणजे २५ टक्के वाढ. २० टक्क्यांच्या वर गेली की गळती जोरात चालू आहे असं धरतात. आणि हे बहुतेक वेळा ताप उतरतानाच होतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला की घर निर्धास्त होतं आणि नेमके तेच २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात. ताप उतरल्यावर मूल ताजंतवानं व्हायला हवं. त्याऐवजी पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, मूल मलूल पडलं, तर त्याच पावली हॉस्पिटल गाठायचं, आणि तुम्ही तेच केलंत.

बीपीचं सांगतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. ९८ ऐकायला बरं वाटतं. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक बघा: फक्त २०. मुलांचं शरीर हातापायांकडचं आणि आतड्यांकडचं रक्त आवळून वरचा आकडा शेवटपर्यंत टिकवून धरतं. फरक २० किंवा त्याहून कमी झाला, हात गार पडले, की तो शॉकच. वरचा आकडा कोसळेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. तुमच्या डॉक्टरांनी ९८ वर समाधान मानलं नाही, हे फार चांगलं केलं.

आता पोट का दुखतं. लिव्हर सुजलं की त्याच्यावरचं वेष्टन ताणलं जातं. आतड्याच्या भिंतीत पाणी मुरतं, आणि त्याच वेळी आतड्यांना रक्त कमी पडतं. म्हणून डेंग्यूतल्या पोटदुखीला मी दुय्यम लक्षण मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या लक्षणांची यादी पोटदुखीनेच सुरू होते. त्याच यादीत न थांबणाऱ्या उलट्या आहेत, अंगात पाणी साठणं आहे, लिव्हर २ सेंटिमीटरहून जास्त वाढणं आहे. अर्धी यादी पोटाचीच. लोक मात्र मोबाइलवर प्लेटलेट्सचे आकडे पाठवत बसतात! माझं नातेवाइकांना कळकळीचं सांगणं असतं की प्लेटलेट्स विचारा, पण आधी पोट, लघवी, हातापायांची ऊब आणि हिमॅटोक्रिट विचारा.

मी राउंडला लिव्हरची कड बोटांनी चाचपून पोटावर बॉलपेनने रेघ मारतो. संध्याकाळी तीच कड रेघेच्या खाली गेली का, बघतो. हात लावताना मुलाच्या पोटाकडे न बघता तोंडाकडे बघायचं. 'दुखतंय का' विचारलं तर भेदरलेलं मूल नाही म्हणतं, पण भुवया लपत नाहीत.

पाणी का काढत नाहीत? एक तर प्लेटलेट्स कमी, गुठळी बनवणारी यंत्रणा बिघडलेली, अशात सुई घातली की आत रक्तस्राव व्हायची भीती. दुसरं म्हणजे गळती चालू असताना काढलेलं पाणी पुन्हा भरतं, आणि ते भरतं तिच्या रक्तातूनच, म्हणजे शॉक पुन्हा उलटू शकतो. आणि गळती थांबली की पुढच्या ४८ ते ७२ तासांत हेच पाणी आपोआप रक्तात परत येतं आणि लघवीवाटे निघून जातं. पाण्याच्या दाबाने श्वास किंवा किडनी अडली, तरच ते काढण्याचा विचार होतो.

पित्ताशय. भिंत एरवी ३ मिमीच्या आत असते. डेंग्यूत ५-७ मिमी होते ती त्याच गळतीमुळे. आत खडे नसतात, पू नसतो. दाबलं तर सणकून दुखतं, म्हणून सर्जनला पित्ताशयाचा आजार वाटू शकतो. पण ऑपरेशनने इथे फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका मोठा. आजार ओसरला की सूजही ओसरते. एक मात्र आहे, भिंत जितकी जाड तितकी गळती जास्त, म्हणून तो आकडा आम्ही लक्ष ठेवण्यासाठी वापरतो.

अपेंडिक्सची शंका घेतली हेही बरोबरच. डेंग्यू झालेल्या मुलाला अपेंडिक्स होणारच नाही असा काही करार नाही. पण अपेंडिक्समध्ये सहसा आधी पोट दुखतं, मग ताप येतो, आणि पांढऱ्या पेशी वाढतात. डेंग्यूत आधी काही दिवस ताप, मग पोट, आणि पांढऱ्या पेशी बहुधा घटलेल्या. शंका राहिलीच तर सोनोग्राफी आणि काही तासांनी तोच हात पुन्हा पोटावर. दुखणं वरच्या बाजूला, पाठीत जाणारं असेल तर स्वादुपिंडासाठी लायपेज तपासतात. तीही सूज डेंग्यूत क्वचित येते आणि बहुतेकदा आपोआप बसते.

प्लेटलेट्स. नुसता आकडा कमी आहे म्हणून चढवल्याने रक्तस्राव टळत नाही. मोठ्या माणसांवर याची रीतसर चाचणी झाली, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. २०,००० किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्यांनाही आगाऊ चढवून रक्तस्राव कमी झाला नाही, उलट त्रास जास्त झाले. वाहता रक्तस्राव असेल तर गोष्ट निराळी. ४२,००० वर, रक्तस्राव नसताना, थांबणंच शहाणपणाचं.

आणि सलाईन, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय. शॉकमध्ये ते हवंच, आणि साधं रिंगर लॅक्टेट बहुतेक मुलांना पुरतं. व्हिएतनाममधल्या मुलांवरच्या २००५ च्या अभ्यासात मध्यम शॉकमध्ये महागड्या द्रवांच्या तुलनेत ते कमी पडलं नाही. पण शॉक सावरला की वेग टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो. शॉकमध्ये तासाला किलोमागे १० मिली, मग ५ ते ७, मग ३ ते ५, मग २ ते ३. कारण वाहिन्या गळतायत, तुम्ही जे ओताल त्यातलं बरंचसं पोटातच जाणार. अति झालं तर पोट ताठ होतं, दाब वाढतो, छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जाऊन श्वास अपुरा पडतो, किडनीकडचं रक्त घटतं, लघवी कमी होते. आणि लघवी कमी झाली म्हणून कोणी आणखी सलाईन वाढवलं तर चक्र सुरू झालंच. लघवीच्या नळीतून मूत्राशयातला दाब मोजता येतो. मुलांमध्ये तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या वर टिकून राहिला आणि सोबत एखादा अवयव बिघडायला लागला, तर ती आणीबाणी असते. म्हणून वेग कमी होतोय याचा आनंद माना. तासाला किलोमागे अर्धा ते एक मिली लघवी होत असेल, म्हणजे तिला तासाला १२ ते २४ मिली, तर पुरे.

एसजीओटी ३१० ही मध्यम वाढ आहे. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, म्हणून डेंग्यूत ते एसजीपीटीपेक्षा जास्त दिसतं. १००० च्या पुढे गेलं तर लिव्हरला गंभीर इजा म्हणतात. पण वाढ ३१० ची असली तरी पॅरासिटामॉल मोजूनच: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास, आणि लिव्हर बिघडत चाललं तर तेही डॉक्टर थांबवतात. पोटदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही नको. जठरातून रक्तस्राव व्हायला तेवढं निमित्त पुरतं.

रात्रपाळी

मी मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त आईने आत काय करावं ते सांगते.

पोटाचा घेर आम्ही बेंबीवरून टेपने मोजतो. टेपच्या दोन्ही कडांना पेनने खूण करतो, म्हणजे पाळी बदलली तरी माप त्याच जागी पडतं. आईला तो आकडा विचारायला सांगा, कुणी नाही म्हणणार नाही. नुसत्या डोळ्यांनी बघू नका, काळजीने पोट दर वेळी मोठंच दिसतं.

शी झाली की साफ करायच्या आधी सिस्टरना दाखवायची. डांबरासारखी काळी, चिकट असेल तर लगेच हाक मारा. उलटी कॉफीच्या रंगाची असेल तरी. म्हणूनच लाल किंवा गडद रंगाचं काही प्यायला देऊ नका, मग उलटीत रक्त आहे की रंग ते कळत नाही. पाणी किंवा ओआरएस चमच्याने, थोडं थोडं. गटागट दिलं की येतंच बाहेर. पोटावर शेकायला गरम पिशवी नको, चोळायचं तर मुळीच नाही.

डोक्याकडची बाजू जरा वर ठेवली आणि गुडघ्यांखाली उशी दिली तर पोटाचा ताण कमी होतो. आमच्याकडची मुलं अशीच झोपतात.

लेकीचा_बाबा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं.

आजची स्थिती: लघवी रात्रीपासून भरपूर. घेर थोडा कमी. सलाईन अगदी कमी केलंय, सकाळच्या राउंडला बंद करतील म्हणाले. पण हिमॅटोक्रिट ४५ वरून ३७ आलं. काल तुम्ही रक्तस्रावाचं लिहिलंत, म्हणून पोटात धस्स झालं. हे आतून रक्त जाण्याचं लक्षण नाही ना?

आणि एक. तिचा भाऊ, ३ वर्षांचा, आजीपाशी आहे. त्याला कालपासून ताप आहे. तो एवढा लहान, पोट दुखतंय हे तो सांगणार कसं?

बालरोग_डॉक्टर

हिमॅटोक्रिट दोन कारणांनी उतरतं. पोटातलं पाणी रक्तात परत आलं की रक्त पातळ होतं, आकडा खाली येतो. त्या वेळी मूल सुधारलेलं दिसतं: लघवी भरपूर, नाडी संथ, भूक परत, पोट मऊ. दुसरं कारण रक्तस्राव. त्यात आकडा उतरतो पण मूल बिघडतं: नाडी पळते, हात पुन्हा गार, बेचैनी, पोटदुखी वाढलेली, काळी शी. तेव्हा रक्त लगेच द्यावं लागतं, शी काळी होण्याची वाटसुद्धा बघायची नसते. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं, आणि सलाईन बंद करायची हीच वेळ. आता ते चालूच राहिलं तर परतणारं पाणी आणि सलाईन मिळून फुफ्फुसांवर भार येतो. तरीही 'उतरलेलं हिमॅटोक्रिट नाडीशी जुळतंय ना' असं राउंडला जरूर विचारा. एखाद-दोन दिवसांत हातापायांवर लालसर पुरळ येऊन खूप खाज सुटेल, मधेमधे पांढरे ठिपके दिसतील. ते बरं होण्याचं पुरळ आहे. ताप मात्र परत आला किंवा हटेना, तर नवा जंतुसंसर्ग झालाय का ते बघावं लागतं, आणि सोबत लिव्हर, प्लीहा वाढत असतील तर फेरिटिनही (अंगातला दाह अति वाढलाय का ते दाखवणारी रक्तचाचणी) तपासतात. घरी जाताना सलाईनशिवाय हिमॅटोक्रिट स्थिर, ताप नाही, श्वासाला त्रास नाही, प्लेटलेट्स चढत्या, एवढं हवं. पोट मऊ असेल तर पुन्हा सोनोग्राफीची घाई नको, एसजीओटी मात्र पुढच्या भेटीत परत करून घ्या.

आता धाकटा. तीन वर्षांचं मूल 'पोट दुखतंय' म्हणेलच असं नाही, आणि म्हणालं तर कुठेही दुखलं तरी बेंबीच दाखवतं. त्याच्या हालचाली बघा. गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर पडून राहणं, कडेवर घेताना पोटावर हात पडला की कळवळणं, अंगरखा वर करू न देणं, खेळण्याकडे ढुंकून न बघणं. आजींना सांगा, ४ ते ६ तासांत शू झाली नाही, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपतोय, यातलं एक जरी दिसलं तर फोन करून विचारत बसू नका, सरळ घेऊन निघा. ताप उतरला म्हणून तर अजिबात गाफील राहू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेनची बाटली घरात असेल तर ती आजींच्या हाताशी राहणार नाही असं बघा.

त्याला आजच दाखवून एनएस१ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, त्यातच हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट्स कळतात) करून घ्या. आत्ताचं हिमॅटोक्रिट हाताशी असलं की पुढे वाढलं तर किती वाढलं ते ठरवता येतं, नाहीतर तुलना कशाशी करायची? नंतर सीबीसी रोज, आणि ताप उतरेल त्या दिवशी हमखास. त्याचा आजचा आकडा आणि मुलीचा संध्याकाळचा, दोन्ही इथे लिहा. मी रात्री बघतो.